चिनी इमारती, चिनी शहरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीनच्या शहरांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक, "बघा, त्यांनी करून दाखवलं." दुसरा, "सगळा देखावा आहे हो." खाली आर्किटेक्चरचे विद्यार्थी, पुनर्विकासाच्या फेऱ्यात अडकलेले सोसायटीवाले आणि नुसतेच कुतूहल असलेले लोक हटकून विचारतात ते प्रश्न घेतले आहेत. माझा कल आधीच सांगून टाकतो. चिनी शहर समजून घ्यायचं तर उंच इमारतींचे फोटो जरा बाजूला ठेवा. जमीन कोणाची, पावसाचं पाणी कुठे जातं आणि पाडलेल्या घरांचं पुढे काय होतं, हे आधी बघा.

इतक्या झपाट्याने शहरं उभी राहतात तरी कशी?

"हुकूमशाही आहे म्हणून" हे उत्तर अर्धंच आहे. किल्ली जमिनीत आहे. १९८२च्या राज्यघटनेप्रमाणे शहरातली जमीन सरकारची आणि खेड्यातली गावसमूहाची. आपल्यासारखा सातबारा कोणाच्याच नावावर नाही. डिसेंबर १९८७मध्ये शेन्झेनमध्ये जमीन वापरण्याचा हक्क पहिल्यांदा जाहीर लिलावात विकला गेला आणि पुढच्याच वर्षी घटनादुरुस्ती करून त्याला आधार दिला गेला. तेव्हापासून घरांसाठी ७० वर्षं, कारखान्यांसाठी ५० आणि व्यापारी वापरासाठी ४० वर्षं असा हक्क विकला जातो. नवी मुंबईकरांना सिडकोचा भाडेपट्टा माहीत आहे. त्याच जातीचा व्यवहार, फक्त देशातल्या प्रत्येक शहरात.

१९९४च्या करसुधारणेत महसुलाचा मोठा वाटा केंद्राकडे गेला. शाळा, रस्ते, दवाखाने यांचा खर्च मात्र स्थानिक सरकारांच्याच गळ्यात राहिला. त्यांनी मग वाट काढली: शहराच्या कडेची शेतजमीन कमी मोबदल्यात संपादन करायची, रस्ते आणि गटारं टाकायची आणि वापराचा हक्क बिल्डरला चढ्या भावाने द्यायचा. २०२१मध्ये या विक्रीतून स्थानिक सरकारांच्या तिजोरीत सुमारे ८.७ लाख कोटी युआन आले. म्हणजे नवं शहर बांधणं हे शहर चालवण्याच्या खर्चाची सोय करण्याचंही साधन होतं. अधिकाऱ्यांची बढती वाढीच्या आकड्यांवर ठरायची, हे त्यात मिळवा. १९७८मध्ये शेकडा १८ चिनी लोक शहरात राहत होते, २०११मध्ये ते निम्म्याच्या पुढे गेले आणि आता दोन तृतीयांशाच्या आसपास आहेत. एवढी माणसं सामावून घेण्याची गरज खरी होती. पण गरजेपेक्षा जास्त का बांधलं गेलं, याचं उत्तर या जमिनीच्या हिशेबात आहे.

तिथल्या सगळ्या वसाहती एकाच साच्यातल्या का दिसतात?

ऊन. चीनच्या निवासी नियमांत प्रत्येक घराला हिवाळ्यात किमान किती ऊन मिळालं पाहिजे, हे तासांत लिहिलेलं आहे. हवामान आणि शहराच्या आकारानुसार ही अट १ ते ३ तासांची असते. बऱ्याच भागांत ती २० जानेवारीच्या आसपासच्या, म्हणजे चिनी पंचांगातल्या 'महाथंडी'च्या दिवसासाठी मोजतात. सूर्य तेव्हा दक्षिणेला खाली कललेला असतो. त्यामुळे इमारती दक्षिणेकडे तोंड करून ओळीने उभ्या राहतात आणि पुढच्या इमारतीची सावली मागच्या घरावर पडू नये म्हणून मध्ये भरपूर मोकळी जागा सुटते. उंची वाढवली की अंतर वाढवावं लागतं. उपग्रहाच्या चित्रात चिनी शहरं कंगव्याच्या दात्यांसारखी दिसतात ती यामुळे. आर्किटेक्टच्या हातात आकाराचं स्वातंत्र्य फार थोडं उरतं. खिडक्यांची मांडणी, बाल्कनी आणि रंग, बस्स.

दुसरं कारण जुनं आहे. माओच्या काळात कारखाना किंवा कचेरीच्या कंपाउंडातच कामगारांची घरं, पाळणाघर, खानावळ असायची. पुढे घरांची खासगी विक्री सुरू झाली, पण भिंतीतली वसाहत हा घाट तसाच राहिला. अर्धा-अर्धा किलोमीटर लांबीचे बंद चौकोन आणि बाहेर आठ पदरी रस्ते. फेब्रुवारी २०१६मध्ये केंद्र सरकारने यापुढे बंदिस्त वसाहती बांधू नयेत आणि जुन्यांच्या आतले रस्तेही हळूहळू खुले करावेत, असं धोरण जाहीर केलं. लोक भडकले. पैसे मोजून घेतलेल्या आवारातून परक्याने का जावं, हा प्रश्न पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत शोभला असता. जुन्या वसाहतींच्या भिंती बहुतेक ठिकाणी अजून उभ्या आहेत.

मग हे सगळं फेंगशुई नाही का?

दक्षिणाभिमुख घर ही परंपरेतलीही आवड आहे, त्यामुळे नियम आणि श्रद्धा इथे सहज जुळतात. मुख्य भूमीवर साम्यवादी सरकारने फेंगशुईला अंधश्रद्धा ठरवलं. कागदावर ती कुठेच नसते, पण गिऱ्हाईक मनात धरून असतो. आपल्याकडे पुरोगामी घरातही किचनची दिशा कोणीतरी विचारतंच. ४ हा आकडा अशुभ, म्हणून अनेक इमारतींच्या लिफ्टमध्ये चौथ्या मजल्याचं बटणच नसतं. हाँगकाँगमध्ये हे सगळं उघडपणे चालतं.

बीजिंगमधल्या त्या चमत्कारिक इमारती कोणी बांधल्या? आता तशा का होत नाहीत?

२००८च्या ऑलिंपिकच्या आगेमागे बीजिंगने जगभरातल्या बड्या आर्किटेक्टना बोलावलं. 'पक्ष्याचं घरटं' म्हणून ओळखलं जाणारं स्टेडियम हर्झोग आणि द म्यूरॉन या स्विस जोडीचं. त्यांच्यासोबत चिनी वास्तुविशारद ली शिंगगांग होते आणि कलासल्लागार होते आय वेईवेई. राष्ट्रीय नाट्यगृहाचा अंडाकृती घुमट फ्रान्सच्या पॉल आंद्र्यू यांचा. सरकारी दूरचित्रवाणीचं २३४ मीटर उंचीचं मुख्यालय रेम कूलहास आणि ओले शेरेन यांचं. दोन कलते मनोरे वर हवेतच एकमेकांना जोडलेले आहेत. बीजिंगकरांनी त्याला 'मोठी चड्डी' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. इमारत म्हणून मला ती आवडते. ती सुबक आहे म्हणून नव्हे. प्रत्येक बाजूने ती वेगळी दिसते आणि नुसत्या उंचीच्या शर्यतीत उतरायला नकार देते, म्हणून.

ऑक्टोबर २०१४मध्ये शी जिनपिंग यांनी विचित्र इमारती पुरे झाल्या, असं बजावलं. २०१६च्या त्याच धोरणात अवाढव्य, परदेशाची नक्कल करणाऱ्या आणि चित्रविचित्र इमारतींना मज्जाव आला. नकलांचा रोख कुणावर होता ते उघड आहे: हांगझोऊजवळ आयफेल टॉवरच्या प्रतिकृतीसकट बांधलेलं 'पॅरिस' आणि शांघायजवळचं इंग्रजी धाटणीचं 'थेम्स टाउन'. मग उंचीवर लगाम आला. २०२१मध्ये ५०० मीटरच्या वरच्या नव्या इमारती बंद झाल्या आणि ३० लाखांहून कमी वस्तीच्या शहरांत १५० मीटरच्या वर जाण्यावर कडक बंधनं आली. ६३२ मीटरचा शांघाय टॉवर २०१५मध्ये पूर्ण झाला, तेव्हा तो पुढे मोडायच्या विक्रमांतला एक वाटत होता. आता चीनमध्ये त्याच्यावर कोणी जाईल अशी चिन्हं नाहीत.

सौंदर्यदृष्टी हुकमाने सुधारते यावर माझा विश्वास नाही. पण उंचीवरची बंदी मला पटते. लहान शहरांत असे मनोरे अर्धे रिकामे राहतात, आणि आग लागली की शिडी पोचत नाही.

परदेशी आर्किटेक्ट तिथे थेट काम करू शकतात का?

संकल्पना त्यांची, पण बांधकामाच्या नकाशांवर शिक्का स्थानिक परवानाधारक डिझाइन संस्थेचा. या संस्थांपैकी मोठ्या बहुतेक मूळच्या सरकारी आहेत आणि त्यांत हजारोंनी माणसं काम करतात. स्पर्धेतलं देखणं चित्र आणि प्रत्यक्ष इमारत यांत जो फरक पडतो, तो बऱ्याचदा या हस्तांतरात पडतो. कधी कधी संस्थेतला अनुभवी अभियंताच इमारत वाचवतो, हेही खरं.

वांग शू यांना प्रित्झकर कशासाठी मिळालं?

प्रित्झकर हा वास्तुकलेतला सर्वांत मानाचा समजला जाणारा पुरस्कार. आर्किटेक्ट वांग शू हे २०१२मध्ये तो मिळालेले पहिले चिनी नागरिक. त्याआधी १९८३मध्ये आय. एम. पेई यांना मिळालं होतं, पण ते अमेरिकेचे नागरिक होते. वांग शू यांचं सगळं काम एका उदाहरणातून समजतं, ते म्हणजे २००८मध्ये पूर्ण झालेलं निंगबोचं इतिहास संग्रहालय.

निंगबो हे पूर्व किनाऱ्यावरचं जुनं बंदर. शहराचा नवा भाग वसवण्यासाठी आसपासची खेडी भुईसपाट केली गेली आणि मैदानाच्या मधोमध संग्रहालय बांधायचं ठरलं. वांग शू यांनी पाडलेल्या घरांच्या विटा, कौलं आणि दगड गोळा करून त्यांच्याच भिंती रचल्या. जवळून पाहिलं की मजा कळते. करड्या कौलांचे पातळ थर एकावर एक दाबलेले, मध्येच तांबूस विटांचा पट्टा, मग पुन्हा कौलं, मग एखादी रुंद, वेगळ्या मापाची वीट, बहुधा शेकडो वर्षांची. त्या भागात वादळाने घर कोसळलं की मिळेल त्या तुकड्यांनी झटपट भिंत उभारायची रीत होती. गवंड्यांच्या हातात ती होती, पण विस्मरणात चालली होती. कुठला तुकडा कुठे बसेल, हे नकाशावर काढता येत नाही. त्यामुळे कामाचा मोठा भाग गवंड्यांच्या नजरेवर सोडावा लागला. वरच्या भागातल्या भिंती काँक्रीटच्या आहेत, पण शटरिंगला बांबू वापरले. साचा काढल्यावर बांबूच्या पेरांचे ठसे काँक्रीटवर जसेच्या तसे राहिले. भिंती वर जाताना बाहेर झुकतात आणि लांबून सगळं एखाद्या तासलेल्या डोंगरासारखं दिसतं.

नव्या कोऱ्या भागात जुना राडारोडा लावायचा, ही कल्पना तिथल्या अधिकाऱ्यांना सुरुवातीला रुचली नव्हती. आज त्याच भिंती बघायला लोक येतात, आणि काही जण त्यात आपल्या पाडलेल्या घराच्या खुणा शोधतात.

हांगझोऊतल्या चीनी कला अकादमीच्या शियांगशान परिसरातही वांग शू यांनी लाखो जुनी कौलं वापरली. तिथे डोंगराच्या पायथ्याची शेतं आणि ओढे शक्य तेवढे राखून त्यांच्याभोवती इमारती बांधल्या आहेत. काही जिने आणि गॅलऱ्या मला उगाच लांबवलेल्या वाटतात. विद्यार्थी मात्र त्यांतून खुशाल भटकतात.

लू वेनयू कोण? त्यांचं नाव पुरस्कारात का नाही?

वांग शू यांच्या पत्नी आणि स्टुडिओच्या सहसंस्थापक. दोघांनी १९९७मध्ये हांगझोऊत स्टुडिओ सुरू केला आणि वर उल्लेखलेली कामं दोघांची आहेत. पुरस्कार एकट्या वांग शूंना मिळाला, यावर तेव्हा आणि नंतरही टीका झाली, आणि ती रास्तच होती.

हा प्रकार नवा नाही. लिन हुईयिन १९२०च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेल्या, तेव्हा तिथे मुलींना आर्किटेक्चरला प्रवेशच नव्हता. त्यांना ललित कलेची पदवी घ्यावी लागली. पुढे पती लियांग सिचेंग यांच्यासोबत खेचरावर बसून, पायी चालून त्यांनी चीनभरची जुनी लाकडी मंदिरं मोजली. १९३७मध्ये इ. स. ८५७चं फोगुआंग मंदिर त्यांनीच प्रकाशात आणलं. विद्यापीठाने त्यांना आर्किटेक्चरची पदवी दिली ती २०२४मध्ये, मरणोत्तर.

आणि लिउ जियाकुन?

२०२५चे प्रित्झकर मानकरी. चेंगदूचे रहिवासी. २००८च्या सिच्वान भूकंपात शाळाच्या शाळा कोसळल्या. राडारोड्याचं करायचं काय, हा प्रश्न सगळ्यांसमोर होता. लिउ यांनी तो दळून त्यात गव्हाचं काड आणि सिमेंट मिसळलं आणि साध्या यंत्रावर विटा पाडल्या. त्यांचं नाव 'पुनर्जन्माची वीट'. भूकंपात गेलेल्या एका शाळकरी मुलीसाठी त्यांनी छोटं स्मारकही बांधलं. बाहेरून ते मदतछावणीतल्या तंबूसारखं आहे. आतल्या भिंती गुलाबी आहेत, छतातल्या गोल झरोक्यातून उजेड पडतो आणि तिच्या रोजच्या वापरातल्या वस्तू मांडल्या आहेत. त्या विषयावर सरकार फारसं बोलू देत नव्हतं, हे लक्षात घेतलं की एवढ्याशा खोलीचं वजन कळतं.

चेंगदूतलं त्यांचं 'वेस्ट व्हिलेज' (२०१५) मात्र अवाढव्य आहे. अख्ख्या चौकाच्या कडेने पाच मजली इमारत, मध्ये मोठं अंगण आणि खेळाची मैदानं, आणि थेट छतापर्यंत चढत जाणारा उतार. त्यावरून लोक सायकल चालवतात, फिरायला जातात. मॉल बांधून जास्त भाडं कमावता आलं असतं.

खेड्यांत काय चाललंय? सगळे शहरातच गेले का?

तरुण गेले. मागे राहिलेल्या गावांसाठी काय करता येईल याचं मला सर्वांत आवडणारं उत्तर झेजियांग प्रांतातल्या सोंगयांग तालुक्यात आहे. आर्किटेक्ट शू तियानतियान तिथे गावोगाव लहान लहान इमारती बांधत गेल्या: कुठे पूल, कुठे टोफूचा कारखाना, शिंग गावात उसाचं गुऱ्हाळ. गुऱ्हाळ हंगामात चालतं. कढया, चुल्हाणं आणि वाफ मधोमध; भोवती काचेच्या आणि विटांच्या मोकळ्या खोल्या. हंगाम संपला की तिथेच गावाच्या बैठका आणि बाहुल्यांचे खेळ होतात. आधी रस पडक्या शेडमध्ये उकळायचा. आता स्वच्छता दिसते, गिऱ्हाईक स्वतः येऊन बघतो आणि गुळाला बरा भाव मिळतो. कोल्हापूरच्या बाजूला हे कोणी करून बघितलं तर मी स्वतः बघायला जाईन.

'स्पंज सिटी' म्हणजे काय? ती चालते का?

या पानावर सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि त्यामागे आपला २६ जुलै असतो.

कल्पना साधी आहे. पाऊस पाइपात कोंबून लवकरात लवकर नदीत सोडण्याऐवजी तो पडतो तिथेच मुरवायचा, साठवायचा, संथ करायचा. पाणी झिरपेल असा रस्ता, खोलगट बागा, तळी, पाणथळी, काँक्रीटच्या भिंती काढून मोकळे केलेले नदीकाठ. कल्पनेचे मोठे पुरस्कर्ते यू कोंगजियान, पेकिंग विद्यापीठातले प्राध्यापक आणि 'टुरेनस्केप' या संस्थेचे संस्थापक. झेजियांगमधल्या शेतकरी घरात वाढले. लहानपणी पुराच्या ओढ्यात पडले असताना काठच्या लव्हाळ्यांनी आणि झाडांनी प्रवाहाचा जोर मोडला म्हणून वाचलो, असं ते सांगायचे. सप्टेंबर २०२५मध्ये ब्राझीलच्या पांतानाल या पाणथळ प्रदेशात विमान अपघातात त्यांचं निधन झालं.

त्यांचं एक काम जवळून बघू. हार्बिनच्या चुनली भागात चारही बाजूंनी रस्ते आल्यामुळे ३४ हेक्टरची पाणथळ जागा सुकत चालली होती. यू यांनी मधला भाग जसाच्या तसा सोडला. फक्त कडेने माती खणून तळ्यांची माळ केली आणि त्याच मातीच्या टेकड्या रचल्या. आजूबाजूच्या रस्त्यांवरचं पावसाचं पाणी या तळ्यांत येतं, गाळ खाली बसतो आणि स्वच्छ पाणी आत जातं. माणसांसाठी वरून चालायची पायवाट. बाहेरून माती आणली नाही की बाहेर नेली नाही.

२०१२च्या जुलैमध्ये बीजिंगमध्ये पुराने ७९ माणसं गेली आणि सरकारला जाग आली. २०१५ आणि २०१६ मिळून ३० प्रायोगिक शहरं निवडली गेली. २०३०पर्यंत शहरी भागाच्या ८० टक्क्यांत निदान ७० टक्के पावसाचं पाणी जागच्या जागी मुरवायचं किंवा वापरायचं, असं उद्दिष्ट आहे.

मग झेंगझोऊ? त्या शहराने स्पंज कामांवर भरपूर खर्च केला होता. २० जुलै २०२१ला तिथे एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला. मेट्रोच्या ५ नंबरच्या लाईनवर बोगद्यात पाणी शिरून १४ प्रवासी बुडाले आणि हेनान प्रांतात मृत आणि बेपत्ता मिळून आकडा ३९८वर गेला. स्पंज फसला, असे मथळे आले. माझ्या मते दोन गोष्टींची गल्लत होते. रोजच्या आणि दरवर्षीच्या पावसासाठी या बागा उत्तम आहेत, कारण त्या चौक तुंबण्याचं प्रमाण कमी करतात. तासाला २०० मिलिमीटर पडल्यावर कुठलीच बाग पुरत नाही. तिथे मेट्रो वेळेत बंद करणं, शाळा-कचेऱ्या सोडणं हे निर्णय जीव वाचवतात. सरकारी चौकशीनेही अधिकाऱ्यांच्या हलगर्जीवर आणि आकडे दडवण्यावर बोट ठेवलं. शिवाय बऱ्याच शहरांनी 'स्पंज' म्हणजे फूटपाथला सच्छिद्र ब्लॉक लावले आणि नदीकाठचं काँक्रीट तसंच ठेवलं.

आपल्याकडे २००५मध्ये सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. नवी मुंबईत सिडकोने भरतीच्या वेळी पावसाचं पाणी धरून ठेवायला धारण तलाव आधीपासूनच आखले होते. कल्पना म्हणून ती जुळी भावंडंच. ते तलाव गाळ काढून, अतिक्रमणापासून राखून चालू ठेवणं, हा प्रश्न वेगळा.

शिओंगआन हेच चीनचं उद्याचं शहर का?

सरकारी इच्छा तीच आहे. १ एप्रिल २०१७ला या नव्या शहराची घोषणा झाली. बीजिंगपासून साधारण १०० किलोमीटर नैर्ऋत्येला, हपेई प्रांतात, बाइयांगदियान सरोवराच्या काठी. बीजिंगमधल्या ज्या संस्थांचं राजधानीत काम नाही त्या इकडे हलवायच्या. २०२०च्या अखेरीस रेल्वे स्थानक सुरू झालं, काही मोठ्या सरकारी कंपन्यांची मुख्यालयं येत आहेत. वाहिन्या जमिनीखालच्या सामाईक बोगद्यांत, इमारती ठेंगण्या, हिरवळ भरपूर. कागदावर मागच्या ३० वर्षांतल्या सगळ्या चुका टाळलेल्या.

अडचण माणसांची. सरकारी कंपनीला हुकूम देता येतो, तिथल्या कर्मचाऱ्याच्या बायकोला नाही. मुलांची शाळा आणि चांगला दवाखाना बीजिंगमध्येच आहे. दुसरी अडचण सखल जमिनीची. २०२३च्या जुलै-ऑगस्टमध्ये जवळच्याच झुओझोऊ शहरात पाणी भरलं, तेव्हा कुठलं शहर वाचवायचं आणि कुठे पाणी सोडायचं, यावर चीनमध्ये उघड संताप दिसला.

जाता जाता: सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी शेवटची वर्षं काम केलं ती तांग शिएन तालुक्याची भूमी याच परिसरात, बाओडिंगच्या हद्दीत येते.

ओस पडलेली शहरं खरंच आहेत का?

होती, आहेत, पण फोटो जुने असतात. इनर मंगोलियातलं कांगबाशी सर्वांत गाजलं. कोळशाच्या पैशावर बांधलेलं, रुंद चौक, कोणी नाही, आणि मधोमध मा यानसोंग यांच्या मॅड स्टुडिओचं गुळगुळीत गोट्यासारखं संग्रहालय. मग सरकारी कचेऱ्या आणि नावाजलेली शाळा तिथे हलवली, शाळेमागोमाग पालक गेले. २०२०च्या जनगणनेत वस्ती १ लाख १८ हजारांच्या आसपास होती. मूळ स्वप्नाच्या मानाने कमी, पण ओस नाही.

आजचं दुखणं वेगळं आहे: विकलेली पण अर्धवट सोडलेली घरं. २०२०मध्ये सरकारने बिल्डरांच्या कर्जाला मर्यादा घातली, २०२१च्या अखेरीस एव्हरग्रांद या बड्या बिल्डर कंपनीने परतफेड चुकवली, २०२२मध्ये अनेक शहरांतल्या ग्राहकांनी ताबा नाही तर हप्ता नाही असं जाहीर केलं. जमीनविक्रीचं उत्पन्न २०२४मध्ये ४.९ लाख कोटी युआनच्या खाली आलं. काही लोक लिफ्ट आणि पाणी नसलेल्या सांगाड्यांत राहायला गेले. बांधकाम चालू असतानाच घर विकायची पद्धत ठाण्या-पुण्यातल्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको.

शेन्झेनची गावठाणं काय प्रकरण आहे?

१९८०मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र झाल्यावर सरकारने शेतं घेतली, पण गावकऱ्यांची घरं त्यांच्याकडेच राहिली. शहर भोवती वाढलं, गावकऱ्यांनी घर पाडून सहा-सात-आठ मजले चढवले आणि खोल्या भाड्याने दिल्या. दोन इमारतींत इतकी कमी जागा की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता येतो. खाली नूडल्सचं दुकान, न्हावी, मोबाईल दुरुस्ती. डोक्यावर वायरींचं जाळं. शेन्झेनमधल्या कामगारांना आणि नव्याने आलेल्या इंजिनिअरांना परवडणारी घरं दिली ती या गावठाणांनी. बाइशीझोऊमध्ये दीड लाखांच्या आसपास माणसं राहत होती. २०१९मध्ये ती रिकामी करायला सुरुवात झाली. मालकांना भरपाई मिळाली, भाडेकरूंना जवळजवळ काहीच नाही. अनेकांकडे शहरातली कायम रहिवास नोंद नव्हती, त्यामुळे मुलांच्या शाळेचीही पंचाईत.

२०१७मध्ये शेन्झेनची वास्तुकला द्वैवार्षिकी नानतोउ या जुन्या गावठाणातच भरवली गेली. गावठाण दुरुस्त करून ठेवता येतं, हे त्यामुळे चर्चेत आलं. दुरुस्तीनंतर भाडी वाढली आणि कॅफे आले, हेही झालं.

जुनं बीजिंग पाडलं नसतं तर?

१९५०मध्ये लियांग सिचेंग आणि चेन झानशियांग यांनी नवी सरकारी कचेरी-नगरी तटाच्या बाहेर पश्चिमेला बांधा, जुनं शहर तसंच ठेवा, असा प्रस्ताव दिला होता. तो फेटाळला गेला. तट पाडला गेला. मेट्रोची २ नंबरची लाईन बरीचशी त्याच्याच रेषेवरून धावते.

उरलेल्या गल्ल्यांत आता छोटं काम होतंय. झांग के यांच्या स्टुडिओने तिएनआनमेनजवळच्या चाएर गल्लीतल्या एका वाड्यात, जुन्या इमारतीच्या उतरत्या छपराखाली ९ चौरस मीटरचं प्लायवुडचं बालवाचनालय केलं. मोठ्या झाडाखालच्या पूर्वीच्या एका स्वयंपाकखोलीत ६ चौरस मीटरची कलाखोली. बिऱ्हाडकरूंनी चौकात वर्षानुवर्षं वाढवलेल्या त्या खोल्या इतर आर्किटेक्ट पाडून 'मूळ' चौक दाखवतात. झांग यांनी त्या ठेवल्या. २०१६मध्ये या कामाला आगा खान पुरस्कार मिळाला.

मुंबईचं शांघाय होईल का?

२००४मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी ते स्वप्न बोलून दाखवलं आणि पुढची २० वर्षं ते पुरवून वापरलं गेलं. शांघायची पहिली मेट्रो १९९३ची, मुंबईची २०१४ची. शांघायचं जाळं आता ८०० किलोमीटरच्या पुढे आहे. घ्यायचंच असेल तर मनोरे सोडून हे घ्या. आणि २०१६पासून शांघाय १५ मिनिटं चालून बाजार, दवाखाना, बाग, शाळा गाठता यावी असं नियोजन करतंय. दादर किंवा गिरगावात राहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

कॅमेरे, सेन्सर आणि 'स्मार्ट' शहराचं काय?

हांगझोऊत २०१६पासून अलीबाबाची प्रणाली सिग्नलची वेळ बदलते, रुग्णवाहिकेला वाट करून देते. शेन्झेनने २०१७च्या अखेरीस १६ हजारांहून जास्त बस विजेवर आणल्या. माझ्या लेखी खरा फरक त्याचा, रस्त्यावरचा आवाजच कमी झाला. कॅमेऱ्यांचं जाळं मात्र वाहतुकीसाठी लावलं तरी वाहतुकीपुरतं राहत नाही, हे तिथल्या लोकांनी कोविडच्या काळात सोसलं.

बघायला जायचं तर कुठून सुरुवात करू?

शांघायला उतरा, पण एका दिवसात बाहेर पडा. तिथून हांगझोऊ आणि मग निंगबो, दोन्हीकडे वेगवान रेल्वेने सहज पोचता येतं. शियांगशान परिसर आणि निंगबोचं संग्रहालय एवढ्यात दोन-तीन दिवस जातील. बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात. सोंगयांगसाठी गुऱ्हाळ चालू असतं तो ऑक्टोबर-नोव्हेंबरचा काळ बरा. पत्ते चिनी लिपीत लिहून घ्या. गुगलच्या नकाशावर तिथे विसंबू नका. रेल्वेचं तिकीट पासपोर्टवरच निघतं, तेव्हा तो हॉटेलात ठेवून निघू नका.